एकच टिक

अक्काच्या घरात फोनची जागा ठरलेली आहे. देवघराच्या डाव्या अंगाला खिडकी, खिडकीत कुंकवाचा करंडा आणि करंड्याला टेकवून फोन. रेंज येते ती तेवढ्याच जागी. गाव पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. जळगावहून धुळ्याकडे निघालं की हमरस्ता सोडून आत वळायचं. रोज सकाळी भाकरी आटोपल्या की अक्का हात पुसते आणि फोनला एक निरोप सांगते. टाइप करणं तिला जमत नाही, म्हणून बोलूनच पाठवते : 'जेवना का रे भाऊ?' निरोपाच्या शेजारी एक करडी टिक उमटते. दुसरी कधी उमटेल, त्याचा काही नेम नसतो.

२०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला मी तिच्याकडे होतो. गच्चीवर जुन्या लुगड्यावर दादरचे बिबडे वाळत होते आणि ऊन असं की पायरीवर पाय ठरत नव्हता. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याला आठ दिवस झाले होते. तितकेच दिवस फोनवर एकच टिक होती. अक्का त्याबद्दल काही बोलली नाही. बिबडे उलटता उलटता एवढंच म्हणाली, "सेलिंगले गया वाटस." सेलिंग हा शब्द या घरात आता अहिराणीच झाला आहे.

अक्का माझी मावसबहीण, तिचा मुलगा माझा भाचा. नौदलात तो २०१८ च्या भरतीत लागला. कोणत्या जहाजावर आहे ते इथे लिहीत नाही. हा सगळा लेख त्या न लिहिण्याबद्दलच आहे.

खानदेशाला समुद्र नाही. जळगाव, धुळे या दोन्ही जिल्ह्यांत पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला कोरडा भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. आपल्याकडचं पाणी समुद्राला जातं ते तापीतून. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम, चांगदेवला पूर्णेशी भेट, मग यावल, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा करत नंदुरबारमार्गे सुरत आणि सुरतेखाली खंभातचं आखात. रोजगाराला जाणारी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेनं सुरतेला गेली, भुसावळ-सुरत गाडीत बसून. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस सुरत' ही विनाशिका ताफ्यात दाखल झाली, तेव्हा अक्काचे यजमान, आमचे दाजी, टीव्हीसमोरून हलले नाहीत. "आपलीच म्हणायची की," असं त्यांचं मत. १६४ मीटर लांब, ७,४०० टन. दाजींनी लांबीचा हिशोब कापसाच्या तासांत केला आणि मान डोलावली.

पोरं नौदलात का जातात, याला फार मोठं उत्तर नाही. तीन एकर कोरडवाहू, दोन भाऊ, कापसाचा भाव. पहाटे चारला पारोळ्याच्या किंवा अमळनेरच्या रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात. त्यांतला कुणी सैन्यात लागतो, कुणी पोलिसात, कुणी धुळ्याच्या राज्य राखीव दलात, आणि एखादा चुकूनमाकून आरमारात. ओडिशात चिल्का सरोवराकाठी आयएनएस चिल्का आहे, तिथं नौसैनिकांचं पहिलं प्रशिक्षण होतं. अग्निवीरांची पहिली तुकडी तिथून २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली, सुमारे २,६०० जण; त्यात २७० च्या वर मुली. माझा भाचा त्याआधीचा. चिल्क्याला गेला तेव्हा त्यानं समुद्र पाहिला होता तो एकदाच, शाळेच्या सहलीत, अलिबागला.

*

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस बातमी आली : युद्धनौका, नौदलाचे तळ आणि गोद्या, सगळीकडे स्मार्टफोन बंद, फेसबुकसारखी समाजमाध्यमंही बंद. त्याच्या दहाएक दिवस आधीच आंध्र प्रदेश पोलिसांनी नौदलाच्या सात जणांना आणि एका हवाला दलालाला पकडलं होतं. त्या कारवाईला नाव दिलं होतं 'डॉल्फिन्स नोज'. विशाखापट्टणमच्या बंदराशी समुद्रात घुसलेल्या डोंगराचं ते नाव. आरोप असा, की फेसबुकवर ओळख झालेल्या 'मुलीं'ना ही माणसं जहाजांची ये-जा कळवत होती. तपास पुढे एनआयएकडे गेला.

भाचा जानेवारीत सुट्टीवर आला आणि जळगावात माझ्या घरी उतरला. सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "मामा, एक घड्याळ घ्यायचंय."

"फोन आहे की."

"जहाजावर नाही चालणार आता."

आम्ही फुले मार्केटात गेलो. अडीचशे रुपयांचं मनगटी घड्याळ घेतलं, काटे अंधारात चमकणारं. मग त्याला आठवलं, गजर पण फोनमध्येच होता. म्हणून गजराचं वेगळं घड्याळ. मग बॅटरी. मग खिशात मावेल अशी डायरी, कारण नंबर कुणाचेच पाठ नव्हते, आईचासुद्धा नाही. (मला तरी कुणाचा पाठ आहे? बायकोचा नंबर मी आजही शेवटच्या चार आकड्यांवर चुकतो.) नंतर एका फोटो स्टुडिओत शिरलो. फोनमधले बारा फोटो त्यानं कागदावर काढून घेतले : आई-बाप, आजी, घराचं दार, बैलजोडी, धाकट्या बहिणीचा साखरपुडा, गावच्या पारावरचे मित्र. स्टुडिओवाला म्हणाला, आता लोक फक्त लग्नाचे आणि मयताचे फोटो काढायला येतात, हे घराच्या दाराचे कोण काढतं? भाच्यानं सांगितलं नाही. शेवटी आरसा घेतला, तळहाताएवढा. संध्याकाळी त्यानं सगळं सामान दिवाणावर मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या काळ्या काचेत केवढा बाजार कोंबलेला असतो.

गंमत अशी की समुद्रात फोन तसाही फार काळ जिवंत राहत नाही. जुन्या जीएसएम पद्धतीत टॉवरचा पल्ला फार तर ३५ किलोमीटर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर गेलं की आपली सागरी हद्दच संपते. तिच्या आसपास रेंजही दम सोडू लागते. जहाजाच्या आत तर चारी बाजूंनी पोलाद, तिथं बंदरात उभं असतानाही रेंजची बोंब. म्हणजे जहाज खोल समुद्रात असताना बंदी निसर्गाचीच असते. नौदलाला खरी धास्ती असते ती किनारा सुटतानाच्या आणि दिसू लागतानाच्या तासा-दोन तासांची. 'निघालो' आणि 'पोचलो' हे दोनच शब्द. आपल्याकडे माणूस एसटीत बसला की पहिला फोन हाच करतो.

जहाज निघतं कधी, हे शोधणाऱ्याला कुणाच्या तोंडून 'निघालो' ऐकायची गरजही पडत नाही. विक्रमादित्य ही विमानवाहू नौका २०१३ मध्ये ताफ्यात दाखल झाली त्या सुमारास नौदलानंच सांगितलं होतं : माणसं सोळाशेच्या वर, महिन्याला लाखभर अंडी, २०,००० लिटर दूध, १६ टन तांदूळ. आता विचार करा, अंडी पुरवणाऱ्याच्या टेम्पोवरचा पोरगा मित्राला सहज म्हणाला, 'आज चार खेपा झाल्या', तर त्यात गुपित काय? काहीच नाही. पण धोब्यानं सांगितलं की सगळे गणवेश उद्याच मागितलेत, कुणाच्या बायकोनं स्टेटस ठेवलं की दोन महिने कसे जाणार, आणि कुणी गोदीच्या फाटकावर काढलेल्या फोटोत मागे जहाज धक्क्याला बांधणारा दोर सुटलेला दिसला, तर चार टाके जुळून गोधडी होते. गोधडी शिवणारा दूर कुठेतरी बसलेला असतो. त्याला मोठं फडकं लागतच नाही.

हे चिंध्या जमवणारे हुशार असतात. फ्रान्सच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ इल लाँग इथं आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'ल माँद' या वृत्तपत्रानं दाखवून दिलं की तिथले खलाशी तळावर धावताना स्ट्राव्हा हे व्यायामाचं ॲप वापरतात आणि त्यांच्या धावण्याच्या नोंदी जगाला खुल्या आहेत. काही खलाशांच्या नोंदी एकाच वेळी बंद पडतात, काही आठवड्यांनी एकाच वेळी सुरू होतात. पाणबुडी कधी गेली, कधी आली, हे पाण्याखाली न डोकावता कळलं. गुपित फोडलं ते न धावलेल्या दिवसांनी.

आणि एक टाका आपल्या अंगणातला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईच्या नौदल गोदीत शिकाऊ उमेदवार राहिलेल्या २३ वर्षांच्या मुलाला अटक केली. मुलगा आपल्या जळगाव जिल्ह्यातला. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून त्यानं पाकिस्तानी हेरांना गोपनीय माहिती पुरवली, असा आरोप. शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण त्या आठवड्यात जळगावच्या चहाच्या टपऱ्यांवर मी जे ऐकलं ते ठरावीक होतं : "पोरीच्या नादी लागला." मला ते पुरेसं वाटलं नाही. तालुक्याच्या गावातून मुंबईत आलेला शिकाऊ पोरगा. त्याच्या कामात कुणाला रस नसतो. घरी सांगावं तर आई विचारते जेवलास का, बाप विचारतो पैसे पाठवतोस का. अशा वेळी कुणीतरी अनोळखी विचारतं, 'आज काय काम केलंस? मोठ्या जहाजावर गेला होतास? खरंच?' हे जाळं नुसत्या रूपाचं नसतं, कौतुकाचंही असतं, आणि आपल्याकडची पोरं कौतुकाला फार भुकेली असतात. मी कुणाची वकिली करत नाही. टपरीवरच्या हसण्याला पुढचा पोरगा कळत नाही, एवढंच म्हणतो.

*

भाच्याला जहाजावरच्या दिवसाविषयी विचारलं की तो तोफा-क्षेपणास्त्रांबद्दल चकार शब्द काढत नाही, थंडीबद्दल बोलतो. नव्या युद्धनौका आतून पूर्ण वातानुकूलित असतात, अणुहल्ला किंवा विषारी वायूपासून बचाव म्हणून आतली हवाच वेगळी राखलेली. जळगावात पारा पंचेचाळिसाकडे चाललेला असतो तेव्हा हा बंकवर दुलई घेऊन झोपतो. बंक म्हणजे एकावर एक फळ्या. वरच्याचा हात लटकला की खालच्याच्या नाकाला लागतो. खिडकी नाही. दिवस की रात्र हे घड्याळ सांगतं, म्हणून ते अडीचशे रुपयांचं घड्याळ आजही त्याच्या मनगटावर आहे. पट्टा तेवढा तिसरा.

पाळ्या चार-चार तासांच्या. रात्री बारा ते चार, चार ते आठ, असं चालत जातं. फक्त दुपारी चार ते आठ या वेळेचे दोन तुकडे करतात. त्यांना डॉग वॉच म्हणतात. तुकडे केल्यामुळे दिवसाच्या पाळ्या सात होतात, विषम, आणि रोज प्रत्येकाची वेळ सरकते. एकालाच रोज मध्यरात्र येत नाही. दाजींना हे एका दमात कळलं. "म्हणजे आपल्या शेतीच्या लाइटीसारखं. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची." रात्री दोनला उठून मोटार चालू करायला विहिरीवर गेलेल्या माणसाला नाविकाची रात्रपाळी समजावून सांगावी लागत नाही.

पाण्याचंही तसंच. जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात आणि ते मापातच वापरायचं असतं. नळ सोडून दाढी करायची नाही. आमच्या भागात कित्येक गावांना नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. भाचा म्हणतो, पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली ती सगळी इतर गोष्टींवरून. पाण्यावरून एकदाही नाही.

विक्रांतवर, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत जी दाखल झाली त्या नव्या विक्रांतवर, तासाला तीन हजार पोळ्या करणारं यंत्र आहे, हे पेपरात वाचून मी अक्काला सांगितलं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "फुगतस का?"

फोन नसल्यावर फावल्या वेळात करतात काय? पत्ते, कॅरम, हार्ड डिस्कवर आणलेले सिनेमे. एक सिनेमा एवढ्या वेळा की मेसमध्ये पडद्याआधी पोरंच संवाद म्हणतात. भाच्याच्या सांगण्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. पहिले दोन-तीन दिवस हात आपोआप खिशाकडे जातो, मांडी थरथरल्यासारखी वाटते, फोन नसताना. चौथ्या दिवशी ते थांबतं. मग माणसं एकमेकांना गोष्टी सांगायला लागतात. केरळचा, बिहारचा, हरियाणाचा, आपला. त्यानं बाकीच्यांना कळण्याची भाकरी आणि भरीत कसं करतात ते सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच उपाशी झोपल्यासारखा झाला. किनाऱ्याला लागलं की गोदीबाहेर पडून फोन चालू होतो, साचलेले चारशे-पाचशे निरोप धडाधड पडतात, आणि सगळे पुन्हा माना खाली घालतात. "तीन आठवडे आम्ही दोस्त असतो मामा," तो म्हणाला, "मग पुन्हा रेंज येते."

*

धुळ्यात देवपूरला एक निवृत्त नाविक राहतात. वय चौऱ्याहत्तर. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम ताफ्यात होते. ओटीवर वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी मला एक पत्ता पाठ म्हणून दाखवला : नाव, क्रमांक, जहाज, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कोचीत असो की अंदमानला, घरच्यांना पत्ता एकच. पत्र मुंबईला जायचं, तिथून जहाज असेल तिकडे. घरच्यांनी मुलगा कुठे आहे हे न कळता त्याला पत्र लिहायचं, अशी ती सोय. उलट पत्रात तारीख लिहायची, ठिकाण लिहायचं नाही.

"आणि घरी पत्र वाचायचं कोण?" मी विचारलं.

ते हसले. "मायला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पारावर बसून वाचायचा. अख्खं गाव ऐकायचं."

गुपिताच्या दृष्टीनं याहून वाईट व्यवस्था असू शकत नाही. तरी जहाजाला काही झालं नाही, कारण पत्र पारावर पोचेपर्यंत दहा-पंधरा दिवस गेलेले असत आणि जहाज भलतीकडे. बातमी शिळी होऊनच यायची. तेव्हाही माणसं बोलघेवडीच होती, पण बोलणं बैलगाडीनं जायचं. फोननं बोलण्याला जहाजापेक्षा जास्त वेग दिला. सगळी भानगड तिथं आहे.

शिळेपणाची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात 'खुकरी' बुडाली; १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. हे देवपूरचे नाविक स्वतः वेगळ्या जहाजावर होते. पण गावात रेडिओवर 'नौदलाचं जहाज' एवढंच कुणीतरी ऐकलं आणि त्यांच्या आईनं तीन आठवडे चूल धड पेटवली नाही. पत्र आलं तेव्हा तिनं ते वाचायला पोस्टमनला दिलंच नाही. अक्षर ओळखलं आणि कनवटीला लावलं.

जहाजावर बोलण्याचा हक्क कुणाचा, हा झगडा मोबाइलच्या किती तरी आधीचा आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नाविकांचं बंड पेटलं ते 'तलवार' या तळावर, आणि 'तलवार' होती संदेशवहनाची शाळा. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या ही ठिणगी. पण ती दोन दिवसांत ७८ जहाजं आणि २० तळांपर्यंत, सुमारे वीस हजार नाविकांपर्यंत पोचली ती बिनतारी यंत्रांमुळे. यंत्रांवर बसलेली पोरंच बंडात होती. ज्यांच्या हाती संदेश, त्यांच्या हाती जहाज, हे तेव्हापासून प्रत्येक नौदलाला ठाऊक आहे.

तरीही माणूस तो माणूसच. अमेरिकेच्या 'मँचेस्टर' या युद्धनौकेवर २०२३ मध्ये काही वरिष्ठ नाविकांनी गुपचूप स्टारलिंकची थाळी बसवली, उघड्या डेकवर, आणि स्वतःपुरतं वाय-फाय चालू केलं. नेटवर्कचं नाव ठेवलं 'स्टिंकी'. जहाजावर कुजबुज झाली, कप्तानाला सुगावा लागला, चौकशा झाल्या, आणि प्रत्येक वेळी असं काही नाहीच म्हणून सांगितलं गेलं. शेवटी अधिकृत यंत्रणा बसवायला आलेल्या माणसाला ती थाळी सापडली. मुख्य जबाबदार नाविकाला लष्करी न्यायालयानं खालच्या हुद्द्यावर आणलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला, मग एकदम गप्प झाला. म्हणाला, "कप्तानाशी खोटं बोलले, तेही जहाजावर?" त्याच्या लेखी थाळीपेक्षा ते मोठं होतं.

अक्काच्याच गल्लीत चार घरं सोडून एक मुलगा व्यापारी जहाजावर आहे, तेलाच्या टँकरवर. तो भर समुद्रातून व्हिडिओ कॉल करतो. त्याची आई फोन घेऊन ओट्यावर येते आणि सगळ्या गल्लीला लाटा दाखवते. व्यापारी खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती डिसेंबर २०२४ पासून लागू आहे : जमेल तिथं मालकानं जहाजावर इंटरनेट द्यावं, पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत. त्या मुलाचं जहाज या क्षणी कुठं आहे ते त्याची बहीण ॲपवर बघते, नकाशावर एक हिरवं टोक पुढे सरकत असतं. एकाच गल्लीत दोन समुद्र. अक्का त्या ओट्यावर जात नाही असं नाही. जाते, लाटा बघते, कौतुक करते आणि घरी येऊन आपल्या फोनवरची टिक बघते. हेवा वाटतो का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

*

७ मेच्या पहाटे, पहलगामच्या हल्ल्याला उत्तर म्हणून, 'ऑपरेशन सिंदूर' झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला होता आणि महाराष्ट्राच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपलं भुसावळही होतं. समुद्रापासून इतक्या आत भोंगा वाजणार, म्हणून लोकांना नवल. त्याआधी २६ एप्रिललाच सरकारनं वाहिन्यांना बजावलं होतं की लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. वाहिन्यांनी ते किती पाळलं हे आपण सगळ्यांनी पाहिलं; त्या चार रात्रींत टीव्हीवर कराची बंदर किती वेळा उद्ध्वस्त झालं ते मोजायला मी विसरलो.

अक्काच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा कुणीतरी भाच्याचा गणवेशातला फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या गावचा वाघ आज अरबी समुद्रात'. मग सलामांची रांग, तिरंगे, हात जोडलेले. टाकणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं. अक्कानं तो फोटो पाहिला आणि चपला घालून त्या मुलाच्या घरी गेली. भर दुपारी, डोक्यावर पदर ओढून. त्याला म्हणाली, "भाऊ, मले तरी माहीत नही तो कोठे शे. तुले कोनी सांगं?" पोरगा ओशाळला, फोटो काढून टाकला. अक्का सातवी शिकलेली. तिला हे कुणी कार्यशाळा घेऊन शिकवलेलं नाही. सुट्टीवर आलेल्या मुलानं चुलीपाशी बसून दोन-चार वेळा जे सांगितलं, तेवढंच तिचं प्रशिक्षण. मला वाटतं, फोनबंदीचा आदेश निघतो जहाजासाठी, पण जहाज पाळतं ते अर्धंच. उरलेलं अर्धं अशा घरांत पाळलं जातं, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

११ मेला दिल्लीत नौदलाच्या व्हाइस ॲडमिरलांनी पत्रकारांना सांगितलं की पहलगामनंतर ९६ तासांच्या आत ताफ्यानं अरबी समुद्रात शस्त्रांच्या चाचण्या केल्या, विमानवाहू नौकेचा ताफा, युद्धनौका, पाणबुड्या सज्ज होत्या. दाजींनी ते ऐकलं आणि बोटांवर दिवस मोजले. मोजून झाल्यावर मूठ मिटली. भाचा त्यात होता की नव्हता, होता तर कुठे, हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. मेच्या अखेरीस एका सकाळी 'जेवना का'ला दुसरी टिक आली आणि दोन मिनिटांनी उत्तर : 'जेवनू. काल.'

सगळंच असं गोड नाही. २०२३ मध्ये अक्काच्या सासूबाई गेल्या, रात्री. पहाटे दाजींनी ठरलेल्या नंबरवर कळवलं. तिथून निरोप जहाजावर जातो. तो गेला, पोचला, वरिष्ठांनी भाच्याला बोलावून सांगितलं, पाठीवर हातही ठेवला. पण जहाज दूर होतं. किनारा, मग विमान, मग रेल्वे, मग बस करत तो गंधमुक्तीच्या दिवशी दुपारी दारात उभा राहिला, पंगत उठल्यावर. आजीच्या सावडण्याचा व्हिडिओ कुणीतरी काढून ठेवला होता, त्याला दाखवायला. त्यानं बघितला नाही. खिशातून तो छापलेला फोटो काढला, कोपरे मऊ पडलेला, आणि आजीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचला. तो अजून तिथं आहे.

*

३ ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसली. खानदेशात या दिवशी सुरतेचे, पुण्याचे, मुंबईचे सगळे भाऊबंद घरी येतात. अक्काच्या दारात आठ गाड्या, ओसरीत चपलांचा ढीग. भाचा नव्हता. फोन खिडकीत, करंड्याला टेकून, त्यावर सकाळचा निरोप आणि एक करडी टिक.

रोटांचे गहू अक्काच घेत होती. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजायच्या, हजर असो नसो. नाव घ्यायचं, मूठ सुपात सोडायची. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नसतात, म्हणून मोजमाप चोख लागतं. दाजींची मूठ झाली, दिरांची झाली, पुतण्यांची झाली. मग तिनं भाच्याचं नाव घेतलं आणि मूठ सुपाच्या वर थांबवली, एखादा दाणा निसटू नये तशी बोटं आवळून.

सुरतेहून आलेली नात्यातली एक सून दाराशी उभी होती. मोबाइलवर कानबाईचं लाइव्ह चालू होतं तिचं, सासरच्या लोकांना दाखवायला. तिनं कॅमेरा अक्काकडे वळवला आणि प्रेमानंच विचारलं, "आत्या, दादानं जहाज आते कोठे शे?"

अक्कानं वर पाहिलं नाही. मूठ सोडली, गहू सुपात पडले.

"पानीमा," ती म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं.